भिंतीलासुद्धा कळू देऊ नका

कोयापाता गावात लग्न ठरलं की मुलीची आई आधी बटाटे किती लागतील ते बघत नाही, की बँड कुठला तेही विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न एकच: पाद्रिनो-माद्रिना कोण? हे लग्नातले मानलेले आईबाप. सख्ख्या आईबापांचं काम लग्नाच्या दिवशी संपतं, ह्यांचं त्या दिवशी सुरू होतं. नवराबायकोत बिनसलं की दोघांनी ह्यांच्या दारात यायचं आणि गुडघे टेकायचे. मग ह्यांनी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, गरज पडली तर चाबकाचे तीन फटके द्यायचे आणि जोडपं परत संसाराला लावून द्यायचं. त्यामुळे पाद्रिनोकडे पैसा बेताचा असला तरी चालतो. संसार मात्र धुतल्या तांदळासारखा हवा.

असा धुतलेला तांदूळ गावात एकाच घरी होता. फाउस्तो आणि निकानोरा. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि चौदा जोडप्यांचे हे मानलेले आईबाप होते. चौदातलं एकही मोडलं नव्हतं. एक जण तर बायकोला सोडून खाणीकडे पळाला होता, त्याला फाउस्तोने बसस्टँडवरून कॉलर धरून परत आणला होता. ह्या दोघांचं भांडण ऐकलेला माणूस गावात नव्हता. शेजारची एपिफानिया भिंतीला कान लावून लावून म्हातारी झाली, पण तिलाही कधी काही मिळालं नाही.

ह्याचं श्रेय होतं त्यांच्या स्वतःच्या पाद्रिनोला, म्हाताऱ्या सेवेरोला. एकतीस वर्षांपूर्वी मांडवात चौथा पेला रिचवून तो उठला, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "पोरांनो, भांडा. भांडल्याशिवाय संसार होत नाही. पण असे भांडा की भिंतीलासुद्धा कळू देऊ नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेवेरो खाली बसला आणि तिथेच झोपला. पण सल्ला राहिला.

दोघांनी तो इतका मनापासून पाळला की आधी त्यांची भांडणं कुजबुजीत व्हायला लागली, मग डोळ्यांनी, मग पाठ फिरवून. आणि गेली पाच वर्षं तर भिंतीलाच काय, एकमेकांनाही काही कळत नव्हतं. ती दोघं बोलतच नव्हती.

कारण सांगितलं तर लहान वाटेल आणि होतं मोठं. निकानोराची आई मेली ती गावदेवीच्या, कुमारी मातेच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, दोन तासांवरच्या वस्तीत. फाउस्तो बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. निकानोरा डोक्यावर काळी शाल घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, चल. फाउस्तो ढोलाच्या दोऱ्या आवळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मेलेलं माणूस थांबतं गं, मिरवणूक थांबत नाही." ती एकटी गेली. चौथ्या दिवशी परत आली, चूल पेटवली, सूप केलं, त्याच्यापुढे वाडगा ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं. त्याने दोन दिवस वाट पाहिली, मग त्यालाही राग आला. हिला काय एकटीलाच राग येतो काय!

तेव्हापासून घर भांड्यांवर चाललं होतं. ती पळी पातेल्यावर एकदा आपटायची, म्हणजे जेवायला ये. तो चमच्याने वाडग्याच्या कडेवर दोनदा ठोका द्यायचा, म्हणजे आणखी वाढ. हात ढोल वाजवणाऱ्याचा, ठोका अगदी तालात पडायचा. त्या तालाचाही तिला संताप यायचा. मुलगी परदेशात शिवणकामाच्या कारखान्यात होती, ती रविवारी फोन करायची. तेव्हा फोन टेबलावर मधोमध ठेवून दोघं पाळीपाळीने तिच्याशी गोड बोलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकच पंचाईत होती. मानलेली लेकरं भांडून आली की पाद्रिनो-माद्रिनाने शेजारी शेजारी बसून दोघांनी मिळून सल्ला द्यायचा, अशी रीत होती. एकाने सल्ला दिला तर तो लागू पडत नाही म्हणतात. मग काय करणार? त्या दिवशी बोलावं लागायचं. फाउस्तो म्हणायचा, "काय गं निका, बरोबर ना?" आणि निकानोरा म्हणायची, "अगदी बरोबर बोललास." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लेकरं गेली की फाउस्तो चाबूक खिळ्याला अडकवायचा, निकानोरा पेले विसळायची, आणि पुन्हा पळी आणि वाडगा.

त्या रविवारी सकाळी निकानोराने तिचा विणलेला रंगीत कपडा, पोर पाठीला बांधायचा तो, पलंगावर पसरला आणि त्यात दोन लोकरी झगे, स्वेटर, आईची कंगवा-पेटी आणि चार किलो सुकवलेले बटाटे ठेवून गाठ मारली. खाली उबदार खोऱ्यात तिची बहीण ओर्तेन्सिया राहायची. तिथे पीचची झाडं होती आणि मुख्य म्हणजे माणसं होती, तोंडाने बोलणारी. सोमवारच्या पहाटेच्या गाडीचं तिकीट तिने काढलं होतं. ती परत येणार नव्हती. कोणाला सांगणारही नव्हती. सांगायचं कोणाला? ज्याला सांगायचं तो अंगणात ढोलाला तेल लावत होता.

त्याने गाठोडं पाहिलं. दारातून आत आला, पाहिलं, आणि पुन्हा ढोलाकडे गेला. निकानोराला वाटलं होतं निदान खोकेल तरी. तिला स्वतःचीच चीड आली की ह्या माणसाच्या खोकल्याची अजून वाट बघतो आपण.

इतक्यात फाटक वाजलं.

"पाद्रिनो! माद्रिना! आहात का घरात? संपलं सगळं आमचं! आता मी ह्याचं तोंड बघणार नाही!"

ही सुल्मा. चौदाव्या नंबरची. तिच्यामागे तिचा नवरा लिम्बर्ट, हातात दारूची बाटली आणि चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी घेऊन. सल्ला मागायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. दोन वर्षांत हे जोडपं आठव्यांदा येत होतं. सूप खारट झालं म्हणून आले होते, कुत्र्याचं नाव काय ठेवायचं म्हणून आले होते, एकदा तर टीव्हीचा आवाज कोणी कमी केला ह्यावरून आले होते. गाव हसायचं. एपिफानिया म्हणायची, ह्यांच्या गुडघ्यांनी फाउस्तोच्या घरची जमीन खणली जाईल एक दिवस.

निकानोराने गाठोड्यावर घोंगडी टाकली. फाउस्तोने हात पुसले, टोपी नीट केली आणि खिळ्यावरून चाबूक काढला. दोघं बाकावर शेजारी बसली. मध्ये वीतभर जागा राहिली, पण ती पुढून दिसत नव्हती. लेकरांनी गुडघे टेकले.

"आता काय?" निकानोरा म्हणाली. "पुन्हा कुत्रं?"

"कुत्रं बरं, माद्रिना," सुल्मा म्हणाली. "कुत्रं निदान भुंकतं तरी. हा बोलतच नाही. घरात नुसते भांड्यांचे आवाज. मी उद्या बहिणीकडे चाललेय. खोऱ्यात. गाठोडंसुद्धा बांधलंय."

निकानोराने तिच्याकडे पाहिलं. सुल्माला बहीण नव्हती, पाच भाऊ होते.

"कुठल्या बहिणीकडे?"

"मानलेल्या," लिम्बर्ट घाईने म्हणाला.

"तू गप बस, तुला कोणी विचारलंय?" निकानोराने त्याला झापलं. "आणि भांडण कशावरून?"

सुल्माने खाली पाहिलं. तिने हे घोकून आणलं असावं, कारण ती भराभर बोलली. "माझ्या आजीच्या मातीला आला नाही तो."

बाकावरचा फाउस्तो हलला. चाबकाची मूठ त्याने मांडीवरून उचलून गुडघ्यावर ठेवली.

"आजी?" निकानोरा म्हणाली. "परवा बाजारात माझ्यापुढे घुसून कांदे घेतले ती? मेली?"

"ती नाही... दुसरी."

"दुसरी तुझ्या जन्माच्या आधी गेली, सुल्मा. मी होते मातीला."

सुल्मा लाल झाली. लिम्बर्ट टोपीची कड कुरतडायला लागला, आणि तेव्हा निकानोराच्या डोक्यात उजेड पडला. लिम्बर्ट गाडी चालवायचा. सोमवारची खोऱ्याची गाडी. तिकिटाची वही त्याच्याच हाताखाली असायची, तिने तिकीट त्याच्या भावाकडून घेतलं म्हणून काय झालं! आणि ही कार्टी, दर वेळी भांडून येते आणि पेले विसळायला मदत करते म्हणून स्वयंपाकघरात शिरते, तिने पळीचा आवाज ऐकला नसेल? आणि सासूच्या मातीच्या दिवशी फाउस्तोला ढोल वाजवताना तर सगळ्या गावाने पाहिलं होतं.

"सुल्मा," ती हळू म्हणाली, "तुमची आठ भांडणं झाली. त्यातली खरी किती?"

"पहिलं खरं होतं, माद्रिना. देवाशप्पथ. तेव्हा मी खरंच ह्याला सोडणार होते." सुल्माचे डोळे भरले, हे मात्र घोकलेलं नव्हतं. "तुम्ही म्हणालात, काय असेल ते बोलून टाक, मोठ्याने बोल, गिळलेलं भांडण पोटात कुजतं. आम्ही तसंच करतो. रोज भांडतो. गल्ली ऐकते. काल मी ह्याला झाकण फेकून मारलं. मग एका ताटात जेवलो. तुमच्या त्या एका वाक्यावर आमचा संसार चाललाय."

"आणि बाकीची सात?"

"तुमच्यासाठी," लिम्बर्ट पुटपुटला. "तुम्ही दोघं आम्ही आल्यावरच बोलता ना. म्हटलं, दोन-तीन महिन्यांनी जाऊन यावं. टीव्हीचं मीच सुचवलं होतं."

निकानोराला हसावं की रडावं ते कळेना. चौदा जोडप्यांची आई म्हणून ती ऐटीत गावातून फिरत होती, आणि इथे तिची लेकरं गुडघे सोलून घेऊन तिचा संसार सांभाळत होती. आणि ते वाक्य! ते तिने कुठून आणलं होतं? बोलायला काहीतरी हवं म्हणून बोलली होती, शेजारच्या माणसाला टोचावं म्हणून. त्याला ते टोचलं नाही, ह्या पोरीला लागू पडलं.

फाउस्तोचं ह्या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. तो अजून मातीपाशीच होता.

"का गेला नाहीस?" त्याने लिम्बर्टला विचारलं.

लिम्बर्टने बायकोकडे पाहिलं. नाटक उघडं पडलं होतं, आता काय म्हणायचं? "त्या दिवशी... मिरवणूक होती, पाद्रिनो."

फाउस्तो उठला. "ह्याला तीन फटके," तो म्हणाला.

"अगं, हे ठरलं नव्हतं!" लिम्बर्ट सुल्माच्या कानाशी ओरडला, पण रीत म्हणजे रीत. त्याने जाकीट उतरवलं आणि डोळे मिटून पाठ पुढे केली. फाउस्तोने चाबूक उचलला. हात वर गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने तो खाली घेतला, चाबूक निकानोराच्या मांडीवर ठेवला, आपला कोट काढून बाकावर टाकला आणि लिम्बर्टच्या शेजारी गुडघे टेकले. वय साठीला आलेलं, गुडघे कडकड वाजले.

निकानोराने चाबूक हातात घेतला. पाच वर्षं तिने ह्याच गोष्टीची वाट पाहिली होती, आणि आता तीच समोर आल्यावर तिला त्या गोष्टीचाच भयंकर राग आला.

"तीन फटके?" ती म्हणाली. "तीन फटक्यांत मिटवणार तू? पाच वर्षं, आणि तीन फटके? एवढं स्वस्त आहे होय?" तिने चाबूक चुलीकडे भिरकावला. "ऊठ! ऊठ तिथून! मेलेलं माणूस थांबतं म्हणालास! माझी आई होती ती, फाउस्तो! तुझ्या लग्नात तिने गोठ्यातली लामा विकून तुला कोट शिवला होता!"

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. एकतीस वर्षांत तो ह्या घरात कधी एवढा चढला नव्हता. भिंतीवरचं कॅलेंडर हललं म्हणतात, पण ते एपिफानियाने मागाहून घातलेलं तिखटमीठ.

"हळू, निका," फाउस्तो सवयीने म्हणाला. "लोक ऐकतील."

"ऐकू देत! सगळ्या गावाला ऐकू दे! त्या सेवेरोलाही थडग्यात ऐकू दे!"

"मी फुलं पाठवली होती!" आता फाउस्तोही ओरडला. "एवढं चक्र पाठवलं होतं, ढोलाएवढं!"

"फुलांनी खांदा दिला काय?"

"आणि तू?" फाउस्तो म्हणाला. "तू एकदा तरी विचारलंस का, की फाउस्तो, तुला लाज वाटली का? पळी आपटतेस! मी काय गाढव आहे पळी ऐकून यायला? दर वेळी त्या पळीबरोबर मला वाटायचं, आज बोलेल. आज काहीतरी बोलेल!"

"मग तू का नाही बोललास?"

"भीती वाटायची!" तो म्हणाला, आणि हे बोलून स्वतःच दचकला. "तू बोललीस तर निघून जाशील असं वाटायचं. गप्प आहे तोवर निदान आहे."

सुल्मा आणि लिम्बर्ट हळूच भिंतीकडे सरकली. अशा वेळी मानलेल्या लेकरांनी काय करायचं ह्याची रीत नव्हती.

आणि नेमकं त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी पावलं वाजली. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरची माणसं होती ती. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. पाद्रिनो व्हायची विनंती करायला निघाली होती, पाव, फळं आणि बाटल्या भरलेली टोपली घेऊन, नव्या शाली पांघरून, पुढे गिटारवाला. असं मोठं घर फाउस्तोच्या दारी कधी आलं नव्हतं. वरात फाटकाशी पोचली आणि आतला आवाज ऐकून जागच्या जागी थांबली. गिटारवाल्याने तारांवर हात ठेवला. एपिफानिया तिच्या दारात उभी होती, तिच्या तोंडावर असं समाधान होतं की बिचारीने तीस वर्षं कान झिजवले ते फुकट गेले नव्हते.

फाउस्तोने उघड्या दारातून पाहिलं. टोपली पाहिली, शाली पाहिल्या, मुख्याध्यापकांचा टाय पाहिला. पंधरावं जोडपं. आणि केवढं!

निकानोरानेही पाहिलं. आता काय होणार हे तिला ठाऊक होतं. तो कोट चढवेल, हसत हसत दारात जाईल आणि म्हणेल, या, या, आम्ही ह्या लेकरांना भांडण कसं करू नये ते करून दाखवत होतो. सगळे हसतील. ती पेले आणेल. त्याच्या शेजारी वीतभर अंतर ठेवून बसेल आणि म्हणेल, अगदी बरोबर बोललास. आणि सोमवारी गाडीत बसेल. ती पलंगापाशी गेली, घोंगडी बाजूला केली आणि गाठोड्यावर हात ठेवला.

फाउस्तो उठला. कोट हातात घेतला. दारापर्यंत गेला. बाहेरच्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मुख्याध्यापकांनी अवघडून टोपी उचलली. फाउस्तो तिथेच उभा राहिला. त्याने वरातीकडे पाठ केली, दार उघडंच ठेवलं, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"निका, आईला खांदा कोणी दिला?"

पाच वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर तिच्या ओठांवर रोज येऊन परत जायचं. ती गाठोड्याच्या कडेला पलंगावर बसली.

"भाऊ होता," ती म्हणाली. "चुलत्याचे दोघे होते. तीनच खांदे होते, फाउस्तो. चौथा माणूस मला वाटेवर गाठून पैसे देऊन आणावा लागला. त्याने मला विचारलं, मेलेल्या बाईला जावई नाही का? मी म्हटलं, नाही."

फाउस्तो आत आला, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. "पुढे सांग," तो म्हणाला. ती सांगायला लागली, मोठ्याने, रडत, शिव्या देत, मध्येच त्याच्या कोटाला नाक पुसत, आणि तो कधी ऐकत होता, कधी ओरडत होता, आणि ते संध्याकाळच्या सुपापर्यंत चाललं.

मुख्याध्यापकांच्या घरची माणसं टोपली उचलून वरच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका शांत जोडप्याकडे गेली. सोमवारची गाडी निकानोराशिवाय सुटली, हे लिम्बर्टने सगळ्या वाटेवर सांगितलं. त्यानंतर फाउस्तोच्या घरातून रोज आवाज यायला लागले, भांडणाचे, हसण्याचे, एकदा तर झाकण फेकल्याचा. गाव हळहळलं. केवढा सोन्यासारखा संसार होता, म्हणाले, आणि बघता बघता मोडला. त्या दोघांना पुन्हा कोणी पाद्रिनो केलं नाही.